दर्यापूर ते दर्या

आमच्या गावाच्या नावात दर्या आहे,
गावात नाही.

अवधूत अकरा वर्षं शाळेची व्हॅन चालवतो.
या दिवाळीत त्यानं मागच्या सीटा काढल्या,
तिथं गादी टाकली, दाराशी स्टोव्ह बांधला,
माझ्या जुन्या पातळाचे पडदे शिवले.
त्यानं शिवले. टाके पाहण्यासारखे आहेत.
मग कुणा पोराच्या रफवहीत यादी केली,
समुद्रावर नवरा-बायकोनं काय काय करायचं त्याची:
रेतीत नावं, शिंपले, लाटांत पाय सोडून बसणं,
चांदण्यातलं जेवण,
आणि शेवटची एक ओळ, इतकी गिरवून खोडलेली
की कागद फाटला होता.

गणपतीपुळे आठशे किलोमीटरच्या वर.
चौदाव्याला, पूर्णेच्या पुलाअलीकडे
क्लच गेला.

मेकॅनिक म्हणाला, भाऊबीज झाल्यावर येतो.
मी स्टिअरिंगवर, तो मागून लोटत,
अशी आमची व्हॅन पांदणीनं नदीकाठाला लागली.
"कायले रडतं वं?" त्यानं काचेतून विचारलं.
मी रडत नव्हते,
हॉर्नवर कपाळ टेकून हसत होते,
आणि हॉर्न वाजत होता.

घरून आणलेली गोड्या पाण्याची कॅन
त्या खटाऱ्यात कधीच लवंडली होती.
धुऱ्यावर एक हापसा होता.
आता आमचा हा सगळा पट्टाच खारा,
बोअर मारा, विहीर खणा,
खाली कुणीतरी मीठ सांडून ठेवलेलं.
त्या पाण्याचा चहा मांडला, दूध फाटलं.
अवधूतनं तरी एक घोट घेतला,
मिशी पुसली, आणि म्हणाला,
"आला समुद्र."

मग मला हापश्याखालच्या दगडावर बसवलं,
चपला काढायला लावल्या,
आणि दांडा मारू लागला. एकदम नाही, थांबून थांबून.
पाणी यायचं, घोट्यांवरून जायचं,
तो थांबायचा, मी वाट पाहायची,
पुन्हा यायचं.
"लाटा," तो म्हणाला, धापा टाकत.
बेचाळीस वर्षांचा माणूस,
शर्ट पाठीला चिकटलेला.
मी पुरे म्हटलंच नाही.

अंधार पडला तसे रोडगे भाजले,
गोवऱ्यांचा धूर पदरात, केसांत.
पलीकडं कापूस फुटला होता.
फेस म्हणायचं का त्याला, मी विचारलं.
म्हण, तो म्हणाला, कुणाच्या बापाचं काय जातं.
दूर मोबाईल टॉवरचा लाल दिवा
उघडझाप करत होता. त्याला आम्ही काहीच म्हटलं नाही.
तो टॉर्च दातांत धरून
माझ्या साडीच्या काठातली कुसळं
एकेक करून काढत बसला.
यादीत हे नव्हतं.
मला वाटतं, अर्धा तास तरी लागला असेल,
त्याला कुणी घाई केली नाही.

निजताना गादीखाली काहीतरी टोचलं.
पेन्सिल. आणि तिच्याशेजारी एक मोजा,
माझ्या तळहातात मावेल एवढा,
टाचेला मळलेला.
आम्ही दोघांनी तो पाहिला.
पुलावरून एक ट्रॅक्टर गेला, गाणी लावून,
तो जाईपर्यंत कुणी बोललं नाही.
"शाळा उघडली की विचारतो कोणाचा हाये,"
तो म्हणाला, आणि मोजा खिशात ठेवला,
वरून बटण लावलं.
मग पाठीमागून माझा हात शोधला.
पडद्याचे वाकडे टाके
वाऱ्यानं थोडे थोडे उसवत होते.

सकाळी पाहते तर
पैंजणांवर आणि घोट्यांवर
मिठाची बारीक पांढरी रेघ.
तो अजून झोपेत होता, तोंड उघडं,
एक पाय खिडकीबाहेर.
मी बोटानं थोडं मीठ घेतलं,
जिभेवर ठेवलं.
खोडलेल्या ओळीचं मी त्याला विचारलं नाही.
हापश्याकडे गेले, दगडावर बसले,
आणि तो उठायची वाट पाहत
पाय पुढं सोडले.