पाणसळ

मथुरा तांडेल गाडी बंद न करताच म्हणाली,
"डावा समास खाली आलाय."

मला वाटलं, क्लचबद्दल काही सांगतेय.
तिनं कुबडीच्या टोकानं दाखवलं:
मागच्या दोन चाकांवरचे दोन मडगार्ड,
उजवा टायरपासून चार बोटं वर,
डावा अडीच.
दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. मलाही नाही.
पण ही बाई कोकण भवनच्या बाहेर
वीस वर्षं प्रतिज्ञापत्रं टाइप करतेय,
कागद केसभर तिरका बसला
तर साहेबाच्या आधी तिला कळतं.

गाडी तीनचाकी. पुढं मोटारसायकल,
मागं जुन्या रिक्षाचा एक्सल,
माझ्याच बापानं इथं तुर्भ्यात जोडलेला,
तिच्या पायाकडं बघून गिअर हातात आणलेला.
मडगार्ड मात्र दोन वेगळ्या भंगारवाल्यांचे,
म्हणून मी आधी पत्र्यावरच संशय घेतला.
नटापर्यंत हात पोचावा म्हणून
इस्राफिलनं डावीकडची पेटी उतरवून ठेवली.

पाणसळ लावली. बुडबुडा पळाला गटाराकडं.
"उस्ताद, जमीनच तिरकी आहे."
खरं होतं. खाडी बुजवून केलेली जागा,
दर पावसाळ्यानंतर थोडी माहेरी जाते.
जमीन सोडली, एक्सलपासून माप धरलं.
गंजलेल्या नटांवर डिझेल. बाराचा पाना.
ब्रॅकेटचं भोक कानशीनं लांबवलं, तांदळाच्या दाण्याएवढं,
खाली एक वायसर, मग आणखी अर्धा,
म्हणजे दगडावर घासून पातळ केलेला.
चार बोटं, चार बोटं. सुतळी ताणून पाहिली.
पेटी चढवली. ती बसली.
डावा खाली.

पुन्हा खोललं. पुन्हा बसली.
पुन्हा खाली.
तिसऱ्या वेळी मी पत्र्याला आईवरून बोललो.
ती म्हणाली, "त्याला काय बोलतोस,
पेटी कधी उचललीस का?"

उचलली.
टाइपरायटर, दोन रीम कागद, कार्बनचा डबा,
जेवणाचा डबा, पाणी, शिक्के.
उजवीकडं कुबडीचा हूक, तिथं दुसरं काही मावत नाही.
आणि ती स्वतः बसते डावीकडं कलून,
उजव्या पायात जोर नाही म्हणून.
हे मी चड्डीत होतो तेव्हापासून बघतोय
आणि सकाळपासून माप घेतोय
रिकाम्या गाडीचं.

चौथ्यांदा म्हटलं, ताई, उतरू नका.
ती हँडल धरून समोर बघत बसली,
स्टुडिओत फोटोला बसवल्यासारखी.
मी मागं उकिडवा, गाल टायरला लावून,
इस्राफिल मोबाइलचा उजेड धरून.
चार बोटं.
चार बोटं.
दोन्हीकडचे नट आळीपाळीनं, पाव पाव फेरा.
"हललात का?"
"श्वास घेतला."
"तेवढं चालतं."

ती उतरली, पेटी उतरली,
आणि गाडी डावा खांदा उडवून उभी राहिली,
शाळेला न जाणाऱ्या पोरासारखी.
"उस्ताद, आता वाकडी झाली," इस्राफिल म्हणाला.
त्याला आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही.

मी तीनशे म्हटलं, ती चारशेवर अडली,
वर पावती पाहिजे. माझ्याकडं पावतीपुस्तक नाही.
मग तिनंच यंत्र माझ्या बाकावर ठेवलं,
पाने, कानशी बाजूला सारून कागद चढवला,
समास लावला.
तिच्या यंत्रातला ळ जरा वर उडतो,
कित्येक वर्षांचं आहे. मी म्हटलं, आणा इकडं,
एक टोला, खाली बसवून देतो.
"हात लावू नकोस. कोर्टात त्यावरनं ओळखतात मला."

मी सही केली. कार्बनची प्रत माझ्याकडं राहिली,
पंख्याच्या बटणाशेजारी खिळ्याला टोचलीय,
आता कडा तेलकट झाल्यात, तरी वाचता येते:

मागील दोन्ही मडगार्ड सरळ केले.
रुपये चारशे फक्त.