अनुक्रमांक चारशे सतरा

जत तालुका, करेवस्तीची दोन खोल्यांची शाळा.
पहाटे साडेपाचला मॉक पोल:
पन्नास खोटी मतं आम्हीच दाबली, मोजली,
एजंटांच्या सह्या घेतल्या
आणि क्लिअरचं बटण दाबून यंत्र कोरं केलं.
मालन ऐवळे तेव्हा किटली घेऊन दारात उभी.
"एवड्यात पुसलं?" म्हणाली.

ती शाळेत खिचडी शिजवते.
दोन दिवस आमचं पिठलं, भाकरी, आंघोळीचं पाणी तिच्याकडंच.
पाणी टँकरचं, आमच्यासाठी आलेलं.
दाराशी सिमेंटचा रॅम्प, कालच घातलेला,
त्यावर कोंबडीची पावलं उमटून वाळलेली.
वस्तीत चाकाच्या खुर्चीतलं पोर एकच, तिचा धाकटा.
चार वर्षं तो पाठुंगळी वर्गात येतोय.
त्याचं नाव यादीत नाही. नऊ वर्षांचा आहे.

दुपारपर्यंत एकशे बारा.
मग कुणीच नाही.
तीन पक्षांचे तीन एजंट एकाच कागदातले शेंगदाणे खात होते.
माझं काम शाईचं.
बाटलीत काडी बुडवून बसून राहिलो.

तीनला ती भांडी न्यायला आली.
यादीत होती: चारशे सतरा, फोटोत डोळे मिटलेले.
म्हटलं, "वहिनी, आलाच आहात तर…"

ती बसली नाही. भांड्यात भांडं घालत बोलली:
"मागल्या खेपंला दिलं की.
ज्याला दिलं त्यो वरसात तिकडं गेला.
ज्याला पाडलं त्यो इकडं आला.
आता दोगं एकाच गाडीतनं हात करत्यात.
माजं मत त्यातल्या कुटल्या सीटवर बसलंय,
तेवडं तुमच्या कागदात बगून सांगा."

मी खरंच कागद चाळले.
नमुना सतरा, डायरी, लिफाफ्यातले लिफाफे.
तसला रकाना नव्हता.

"आन् ते सकाळचं बटण,
ते मत द्यायच्या आदी कशाला?
आमास्नी ते मागनं पायजे. वरसा-दोन वरसानं."

एक एजंट हसला.
मग टरफलं गोळा करायला लागला.

"नोटा आहे की," मी म्हटलं.
"भांडाय जावं आन् दाराला कुलूप असावं,
तसं हाय त्ये."

सहाला दार लावलं. सील, सह्या, लाख.
लाखेसाठी काडेपेटी तिनंच आणून दिली,
वर म्हणाली, राहू द्या, लागंल वाटंत.
चारशे सतराखाली लाल रेघ नाही.

जतला पेट्या जमा करून रात्री एसटीत बसलो.
कवठेमहांकाळच्या पुढं
समोरून आलेल्या ट्रकच्या उजेडात हात दिसला:
सांडून सांडून तीन बोटं काळी.

माझं मत टपालाचं.
फॉर्म बारा बॅगेतच, घडीसुद्धा मोडलेली नाही.
ट्रेनिंगच्या दिवशी भरून द्यायचा होता.
विसरलो नव्हतो.

मिरजेत उद्या जिन्यात कुणी विचारलंच
तर हात दाखवीन.