छज्जा

चाचणीच्या पेपरात मी सळई खाली काढली.
करंदीकर मॅडमनी लाल पेनाने एवढंच लिहिलं:
छज्जा पडला.
पाचपैकी शून्य.

माटुंग्याचा तो उंच छताचा वर्ग,
पंख्याची कुरकुर, मागच्या बाकावर फरझानाचा टी-स्क्वेअर.
मॅडमनी फळ्यावर भिंतीतून बाहेर आलेली एक पट्टी काढली,
वरून खाली बाण.
म्हणाल्या, वाकताना वरचा काठ ताणला जातो.
काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही,
म्हणून छज्ज्यात लोखंड वर.
बाकी सगळं विसरलात तरी चालेल.
मी बाकी सगळं लक्षात ठेवलं.

रात्री भांडुपच्या चढावरच्या खोलीत
बाप भाकरी मोडत होता.
त्याला इंग्रजी वाचता येत नाही, आकृती येते.
पेपर दिव्याखाली धरला.
घास हातातच राहिला.
"ह्ये कुणी काढलं?"
"मी."
"तिमाण्णा असाच गेला."

तिमाण्णा मला आठवतो तो फक्त ओळंब्यापुरता.
मी चार वर्षांची. तो दोरी धरायचा,
पितळी लोळी डोलायची, डोलायची,
मग थांबायची, आणि तो म्हणायचा,
बघ, पृथ्वी खोटं बोलत नाही.

कांजूरची साइट, तिसरा मजला.
सळई बापाने बांधली होती. वर.
खाली लोखंडी खुर्च्या, तारेला दोन पीळ,
दीड बोट आच्छादन. बोटानेच मोजलेलं.
मग माल आला, घाई आली,
घमेली घेऊन माणसं त्याच जाळीवरून चालली.
एकेका पावलाने लोखंड
खाली, अजून खाली,
पार फळीला टेकलं.
वरून थापी फिरली.
छज्जा इतका गुळगुळीत झाला की
मुकादमाने बापाची पाठ थोपटली.

पंधराव्या दिवशी टेकू काढायला
तिमाण्णा खाली उभा होता.

"मी वरच बांधली हुती,"
बाप भाकरीला म्हणाला, मला नाही.
"पण आत काय हाय, कुणाला दिसतंय?"

त्या रात्री मी सूत्र पुन्हा सोडवलं.
भार, लांबी, लांबीचा वर्ग, भागिले दोन.
स्वतःचं वजन धरलं, पावसाचं साचलेलं पाणी धरलं,
कुंड्या धरल्या, एसीचा डबा धरला.
पुस्तकात सगळ्यांना जागा होती.
घमेलं घेऊन चालणाऱ्या बाईच्या टाचेला
चिन्ह कोणतं, ते कुठे सापडलं नाही.

मार्चमध्ये वडाळ्याला साइट बघायला नेलं.
आमची हेल्मेटं नवी, त्यांवर अजून प्लास्टिक.
साइट इंजिनिअर मजल्यांची संख्या सांगत होता, समुद्र दाखवत होता.
मी छज्ज्याकडे बघत राहिले.
एक बाई जाळीवरून जाताना
सळई तिच्या पायाखाली स्प्रिंगसारखी दबली
आणि उठलीच नाही.
मी म्हटलं, "ताई, थांबा. फळी टाका आधी."
इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, बाजूला व्हा, कपडे खराब होतील."
बाई थांबली. माझ्याकडे नाही,
माझ्या बुटांकडे बघितलं तिने.
मग कुठूनतरी एक फळी आली, चिरलेली, सिमेंटने माखलेली.
मी गुडघ्यावर बसून सळई वर ओढली.
खाली बोट घातलं.
पहिलं बोट गेलं. दुसरं अर्धं.

वार्षिक परीक्षेत छज्जा पुन्हा आला.
मी लोखंड वर काढलं,
खाली खुर्च्या काढल्या, विचारल्या नव्हत्या तरी.
आणि सगळ्यांत वर, जाळीवरून भिंतीपर्यंत जाणारी
एक फळी.

पेपर परत मिळाला तेव्हा
मॅडमनी फळीभोवती लाल गोल काढलेला,
शेजारी प्रश्नचिन्ह.
गुण कापला नव्हता.
मी तो बापाला दाखवला.
त्याने फळीवर अंगठा ठेवला,
जरा दाबून बघितलं.