दोनशे चाळीस खुर्च्या

दोनशे चाळीस खुर्च्या मी मांडल्या
शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या रेषांवर.
फरशीला ओरखडे नकोत म्हणून
प्रत्येक पायाला टेनिसचा चिरलेला चेंडू.
अठ्ठावीस वर्षं हेच करतोय.
आल्सीद नाव माझं, पोरं नुसतं सीद म्हणतात.

नोव्हा स्कोशियाचा आमचा हा फ्रेंच किनारा,
फेब्रुवारीचा वारा खाडीवरून थेट हाडात.
शेवंडीचे पिंजरे ओढून तसेच आलेले लोक,
रबरी बूट, आमिषाचा वास,
आणि मागच्या ओळीत बाळाला पाजणारी एक बाई,
जिच्याकडे बघायचं नाही
असं कुणी न सांगता सगळ्यांनी ठरवलेलं.

विषय : सातवीच्या मुलांना काय शिकवायचं,
कधी, कुणी,
आणि मुळात शिकवायचं का.

रोझेर उठला. कापडाचं दुकान आहे त्याचं.
'लहानांना लहान राहू द्या,' म्हणाला.
टाळ्या.
मीही वाजवल्या, वाक्य चांगलं होतं.
मग त्याच्या दुकानाची काच आठवली :
सात वर्षांच्या मापाचा गुलाबी सदरा,
त्यावर चमकीने लिहिलेली एक ओळ,
जी कुणी त्याच्या बायकोला म्हटली असती
तर रोझेरने त्याची कॉलर धरली असती.

शहरातून आलेल्या बाईंनी आलेख दाखवला.
रेषा चढली, उतरली,
रेषेवर कुणाचं नाव नव्हतं.
'आम्हाला कुणी शिकवलं होतं? शिकलोच ना!'
कुणीतरी ओरडलं, आणि हशा.
हसताना पुरुषांनी पुरुषांकडे पाहिलं,
बायकांनी आपापल्या बुटांकडे.
फ्रेंचमध्ये सुरू झालेली सभा
राग चढला तशी इंग्रजीवर गेली.

निरागस हा शब्द एकोणीस वेळा आला.
मोजला मी. दाराशी उभ्या माणसाला दुसरा उद्योग काय!
मूल मात्र एकही नव्हतं सभागृहात.
नाही, एक होतं,
ते दूध पीत होतं.

ठराव झाला : निर्णय होईपर्यंत
नर्सबाईंचं खोकं बंद.

बुटांचं साधं खोकं, झाकणाला फट,
'प्रश्न टाका, नाव नको.'
दल्फीनने त्यावर चिकटपट्टी लावली
आणि कोठीत ठेवायला माझ्या हाती दिलं.

बॉयलरच्या उष्ण्याने पट्टी सुटली होती.
नाही,
खोटं कशाला बोलू. मी सोडवली.

आवाज फुटतो तेव्हा जुना कुठे जातो?
रक्त रविवारी पण येतं का?
आत्याची मिठी नको वाटली तर पाप लागतं का?
भावाने फोनवर दाखवलं ते मला पुसायचंय. फोनमधून नाही.

आणि एक, पेन्सिलीने, कागद फाटेस्तोवर दाबून :
कुणाला सांगायचं नाही असं सांगितलं असेल
तर किती वर्षं सांगायचं नाही?

अक्षर ओळखीचं नव्हतं.
प्रश्न होता.

मी हिशेब केला, खुर्च्यांचा करतो तसा :
एकसष्टातून नऊ गेले.
बावन्न.

बाहेर दल्फीन गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होती.
कोट न घालताच गेलो.
'ऐकलंस ना आज सगळं,' ती म्हणाली,
'मला वाटतं, आपण हरणार.'
मी म्हटलं, हे आधी वाच.
दिव्याच्या झोतात वाकून तिने वाचलं.
दोनदा वाचलं.
'कुणाचं आहे?'
'माहीत नाही. सकाळी शोधू.'

तिने चिठ्ठी हातमोज्यात घातली, दार उघडलं.
मी हलत नव्हतो.

'सीद?'

'एक माझीही धर,' म्हणालो.

इंजिन बंद करून ती खाली उतरली.
आत दिवे चालूच होते,
सत्तरेक खुर्च्या उचलायच्या राहिल्या होत्या.