दोघींचं टेबल

जामनेर रोडवर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
वारक्यांच्या हर्षलचं बुकिंगचं ऑफिस.
भिशीचे पैसे मी पिठाच्या डब्यातून काढून आणले होते,
नोटांना ज्वारीचा वास.
मुंबईहून बोट, चार रात्री, जाऊन परत.
तिकीट झालं. मग तो म्हणाला, मावशी,
जेवणाचं वेगळं करावं लागतं.

वेगळं म्हणजे?
म्हणजे साधं जेवण तिकिटात,
वरच्या मजल्यावरचं हॉटेल पॅकेजमध्ये.
तीन रात्रींचं एकदम घेतलं तर स्वस्त,
एकेका रात्रीचं घेतलं तर महाग,
आणि बोटीवर चढून घेतलं तर विचारूच नका.
मला पटलं. माझ्या खानावळीतही महिन्याचं कूपन आणि सुटं ताट
यांत ताटामागे अकरा रुपयांचा फरक आहे.
बोटवाल्याला धंदा कळतो.

कौसा शेजारी, खुर्चीच्या अगदी कडेवर,
पिशवी मांडीवर, उठायच्या तयारीत.
"बिबड्या नेता येतीन का रे?"
बाहेरचं खाणं चढवू देत नाहीत.
"अन् ठेचा?"
हर्षलनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

मग त्यानं विचारलं, किती वाजता जेवणार?

हा प्रश्न मला
भुसावळात सव्वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता.
मीच विचारायचे. कॉलबॉय सायकलवरून ओरडत यायचा,
अमक्या ड्रायव्हरला दोन-दहाची मालगाडी,
की तवा दीडला तापायचा.
गाडी चार तास लेट, तर भाकरी चार तास लेट,
वरणाला तिसऱ्यांदा कढ.
आणि आम्ही दोघी?
शेवटचा गार्ड हात धुऊन गेला की
ओट्याखाली, फरशीवर,
साडेतीन, चार, कधी दिवेलागणीला,
भगुन्यातच भाकरी कुस्करून,
आणखी दोन ताटं घासायला नकोत म्हणून.

"एक बैठक सहाची, एक साडेआठची."
"म्हंजे पंगतच की," कौसा म्हणाली. "पह्यली कोनती?"
सहाची.
"मंग सहाचीच घे व."
तिला सहाला भूक लागत नाही, मला माहीत आहे.

टेबल आठांचं की दोघांचं? दोघींचं.
खिडकीजवळ? हो.
अंधार पडला की बाहेर काहीच दिसत नाही, मावशी.
त्याचे जास्तीचे पैसे आहेत का?
नाहीत.
मग खिडकीजवळ.

काही विशेष सूचना?
मी म्हटलं, लिही,
वाढणारी पोरं किती वाजता जेवतात ते कळवा.
आणि तोवर भांड्यात काय उरतं, तेही.
हर्षल हसला. मावशी, हा रकाना
कुणाला काय सोसत नाही ते लिहायला आहे.
तेच तर सांगतेय, मी म्हटलं.
त्यानं लिहिलं, शेंगदाणे चालतील.

पावती मी दुधाच्या बिलांच्या तारेत खोवली.
संध्याकाळी सहाला कौसाला म्हटलं, बस. सराव करू.
बाकावर, खिडकीशी, समोरासमोर
दोन ताटं. कळण्याची भाकरी, भरीत, पातीचा कांदा.
खिडकीतून मोटरसायकली आणि सांडपाण्याची मोरी.
तेवढ्यात दारात तो नवा लोको पायलट, चौबे,
हातात डबा, कपाळावर सिग्नल चुकल्यासारखी आठी.
"जागा आहे का, मौसी?"
"रिझर्व आहे," मी म्हटलं.
त्यानं रिकाम्या बाकांकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं,
आणि खरंच बाहेर जाऊन थांबला.

दोन घास कौसानं सावकाश खाल्ले, पाहुणीसारखे.
तिसऱ्याला तिला तव्याचा वास आला.