शून्य म्हणजे ठीक

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो.
इशबेलनं पॅच परत पाठवलाय, चौथ्यांदा.
अठरा शेरे. त्यातले पाच
निव्वळ एका मोकळ्या जागेवरून:
बाणाच्या चिन्हानंतर स्पेस नको,
फाइलचं नाव चिकटवून लिही.

चिकटवलं.

ओळ अकरा: शेवटचे दोन अँपरसँड कुठे गेले?
साखळी तुटली की वरची ओळ पडो, मरो,
खालची आपली बिनघोर पुढे चालते
आणि शेवटचीचं बरं झालं
की सगळं बिऱ्हाड पास.

ओळ वीस: पाईप नको.
पाईपच्या डाव्या अंगाला कुणी गेलं
तरी उजवीकडून निरोप येतो शून्य,
आणि शेलमध्ये शून्य म्हणजे ठीक.
आधी फाइलीत उतरव. मग शोध.

ओळ सव्वीस: एक सेकंद स्लीप कशाला?
कुणाची वाट बघतेस?

खरं तर मलाही माहीत नव्हतं.
थांबलं की चालत होतं, म्हणून थांबले.

तिची आई तागाच्या गिरणीत
कापडावरून बोट फिरवत सुटलेले धागे धरायची.
हे तिनं एकदाच सांगितलं, कॅन्टीनमध्ये,
सूप निवेपर्यंत,
मग मीठ मागितलं.

चिडून मी शेजारची जुनी फाइल उघडली.
बघू तरी, बाकीच्यांनी काय दिवे लावलेत.
ओळ दोनशे चार. शाखा जोडण्याची टेस्ट.
अमुक शब्द फाइलीत सापडता कामा नये,
एवढंच विचारते,
आणि फाइल रिकामी.
रिकाम्यात कुठलाच शब्द सापडत नाही.
नऊ वर्षं हिरवी. रोज रात्री हिरवी.

टूललाच विचारलं, ही ओळ कुणाची?
इशबेल मकॲस्किल.

अर्धा तास काही लिहिलं नाही.
टे नदीवरून एक गाडी गेली,
पाण्यात उजेडाची पट्टी, मग तीही नाही.
मनात दोन-तीन वाक्यं तयार होती,
त्यातलं एक इतकं गोड
की खोडावंच लागलं.
शेवटी तिच्यासारखंच लिहिलं:
ओळ दोनशे चार: ही टेस्ट नापास होऊच शकत नाही.
आधी एकदा नापास करून बघ.

चार मिनिटांत उत्तर:
माझीच. तेव्हा करून पाहिली नव्हती.
दुरुस्ती तू पाठव, मी तपासते.
आणि नवव्या ओळीत बाणानंतर
अजून स्पेस आहे.