मरळ

वैशाखात मांजरेचं पाणी
गुडघ्याखाली येतं. हिरवं, दाट, कढत.
रोहू आधी जातात,
पहाटे पोटं वर करून.
मरळ तेवढी वर येते,
तोंडभर हवा गिळते,
कल्ल्यांच्या वर कुठंतरी जपून ठेवते
आणि पुन्हा गाळात.

सोजर भोईण तिला ओल्या पोत्यात घालून
कळंबच्या बाजाराला नेते.
दुपार कलली तरी पोतं हलत असतं.
गिऱ्हाईक विचारतं, ताजी हाय का?
ती पोत्यावर नुसतं पाणी शिंपडते.

एकदाच, भरल्या धरणात,
तिचं जाळं रात्रभर तळाशी अडकलं.
सकाळी सात मरळी. सगळ्या ताठ.
पाणी तर तिथं दोन पुरुष होतं.
"बुडाल्या," ती म्हणाली,
जाळ्याची गाठ
दातानं सोडवत.